'कोर्ट मॅरेज करा, कॉलेज फुकटात शिका': या सल्ल्याची एकेक बाजू तपासून

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फाफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीच्या अर्जाचा, हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. मुलाने किंवा मुलीने कॉलेजात असतानाच कोर्टात जाऊन लग्न उरकून घ्यायचं. लग्न झालं की सरकार आई-वडिलांचं उत्पन्न मोजत नाही. मग पेल ग्रँट (परत फेडावी न लागणारी सरकारी मदत) पूर्ण मिळते, खासगी कॉलेजंही हात सैल सोडतात, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात घरच्या, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या, दराने फी लागते. एच-४ वरच्या (आई-बाबांच्या एच-१बी नोकरी-व्हिसाला जोडलेल्या व्हिसावरच्या) मुलांनी सिटिझन जोडीदार शोधला की त्यांनाही हे सगळं लागू. डिग्री हातात पडली की घटस्फोट घ्यायचा, कोणाचं काही गेलं नाही. खाली हात जोडलेली इमोजी आणि 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा'.

यातलं उत्पन्नाबद्दलचं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं.

फेडरल मदतीसाठी फाफ्सा भरावा लागतो. त्यात पदवीचं शिक्षण घेणारं, २४ वर्षांखालचं मूल 'डिपेंडंट' धरलं जातं. ते वेगळं राहतं, स्वतः कमावतं, बाबा एक छदाम देत नाहीत, यातल्या कशानेही फरक पडत नाही. आई-वडिलांचं उत्पन्न दाखवावंच लागतं. अपवादांची यादी कायद्यातच दिली आहे: सैन्यात केलेली सेवा, आई-वडील हयात नसणं किंवा फॉस्टर केअर, ज्याचा निम्म्याहून जास्त खर्च आपण उचलतो असं स्वतःचं मूल, आणि लग्न. लग्न का केलं हे फॉर्म विचारत नाही. मास्टर्स किंवा पीएचडी करणारे तर आपोआपच इंडिपेंडंट असतात, त्यामुळे फाफ्सापुरतं बोलायचं तर लग्न करून त्यांना मिळवण्यासारखं काही नाही.

तर आई-बाबा फॉर्मवरून उतरतात, हे कबूल. पण त्यांच्या जागी नवरा किंवा बायको येऊन बसते, हे मेसेज लिहिणारा सांगत नाही.

२०२४-२५ पासून फाफ्साचं गणित 'स्टुडंट एड इंडेक्स'वर चालतं. ऐपत मोजणारा हा आकडा जितका मोठा, तितकी मदत कमी. विवाहित विद्यार्थ्याच्या इंडेक्समध्ये जोडीदाराचं उत्पन्न आणि शिल्लक दोन्ही धरतात. दोघांनी एकत्र टॅक्स रिटर्न भरलेलं नसेल तर जोडीदाराला स्वतःचं खातं उघडून, आयआरएसकडून (टॅक्स विभागाकडून) माहिती घ्यायला संमती देऊन फॉर्मवर सही करावी लागते. ही संमती नसेल तर विद्यार्थ्याला फेडरल मदत मिळत नाही. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं घेतात. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं रिटर्न लागतं, मग लग्न २०२५ च्या डिसेंबरात का झालेलं असेना.

आकडे घालून बघू. मुलगी वीस वर्षांची, तिसऱ्या वर्षाला. नवरा दोन-तीन वर्षं नोकरीत असलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, २०२४ चा पगार ९५,००० डॉलर. दोघांच्या कुटुंबाला, अलास्का आणि हवाई सोडून, २०२६-२७ साठी पूर्ण पेल ग्रँट हमखास मिळण्याची उत्पन्नमर्यादा ३५,७७० डॉलर आहे, आणि किमान ग्रँटची ५६,२१०. दारिद्र्यरेषेच्या अनुक्रमे १७५ आणि २७५ टक्के. त्यापुढे इंडेक्सचा हिशेब लागतो, आणि ९५,००० वर तो इतका चढतो की ग्रँट शून्य. बाबांचा पगार गेला, जावयाचा आला.

आता दुसरं जोडपं घ्या. दोघंही विद्यार्थी, दोघंही अर्धवेळ काम करणारे, मिळून २७,००० डॉलर. यांना पूर्ण पेल मिळेल, आणि वडील दोन लाख कमावत असले तरी मिळेल. मेसेजमधला चमत्कार इथे खरोखर घडतो. फक्त त्या चमत्काराची किंमत वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं यांचा एकूण खर्च माहीत असलेल्या पालकांनी हा आकडा त्याच्याशेजारी मांडून बघावा.

शिल्लक रकमेचीही एक गंमत आहे. ५२९ खातं (शिक्षणासाठीचं टॅक्स-सवलतीचं बचत खातं) कधी कधी थेट मुलाच्या नावावर असतं. मूल डिपेंडंट असताना त्याच्या नावावरचं ५२९ सुद्धा आई-वडिलांच्या मालमत्तेत धरतात, आणि तिथे जास्तीत जास्त ५.६४ टक्के मोजतात. लग्नानंतर तेच खातं विद्यार्थ्याची मालमत्ता होतं. मूलबाळ नसलेल्या विवाहित विद्यार्थ्याच्या हिशेबात मालमत्ता मोजली गेली तर ती २० टक्क्यांनी. म्हणजे त्या खात्यात ४०,००० डॉलर असतील तर आधी इंडेक्समध्ये फार तर २,२५६ यायचे, आता ८,००० येतात. आई-बाबांच्या स्वतःच्या नावावरचं ५२९ मात्र फॉर्मवरून निघून जातं, ही बाजूही नोंदवायला हवी.

लग्नाने हमखास वाढतं ते कर्ज. पहिल्या वर्षाच्या डिपेंडंट विद्यार्थ्याला ५,५०० डॉलरचं फेडरल कर्ज मिळू शकतं, इंडिपेंडंटला ९,५००. पदवीभरासाठी एकूण मर्यादा ३१,००० वरून ५७,५०० वर जाते. वरच्या ४,००० वर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, कारण सरकार ज्याचं व्याज भरतं त्या भागाची मर्यादा तीच राहते. शिवाय इंडिपेंडंट विद्यार्थ्यासाठी आई-वडिलांना पॅरेंट प्लस (पालकांच्या नावावरचं फेडरल) कर्ज काढता येत नाही. 'मदत दुपटीने वाढली' असं जे कोणी कोणी सांगतं, ते बहुतेक वेळा ऑफर लेटरमधल्या याच ओळीबद्दल बोलत असतं.

खासगी कॉलेजांबद्दल थोडक्यात. मोठी ग्रँट कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून देतं आणि त्याचे नियमही स्वतःच करतं. त्यासाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्म मागतात, आणि विद्यार्थी फाफ्सावर इंडिपेंडंट असला तरी आई-वडिलांचे कागद मागायला त्यांना कोणी अडवू शकत नाही. पहिल्या वर्षाला डिपेंडंट म्हणून आलात तर शेवटपर्यंत तसेच धरू, असंही काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्या कॉलेजच्या भरवशावर मुलं मॅरेज लायसन्स काढायला निघाली आहेत, त्यांच्या एड ऑफिसला आधी एक ईमेल टाकावी.

घरच्या दराची फी हा प्रत्येक राज्याचा आपापला मामला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात आई-वडील बाहेरच्या राज्यात असलेल्या तरुण विद्यार्थ्याला आपण आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहोत हे दाखवावं लागतं, आणि तिथे लग्नाचा उपयोग होऊ शकतो. पण राज्यात ३६६ दिवस प्रत्यक्ष राहणं आणि इथेच स्थायिक व्हायचा इरादा कागदोपत्री दाखवणं, ह्या अटी विवाहितांनाही चुकत नाहीत.

आता एच-४. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, आणि आपल्या लोकांना झळ बसेल तर ती इथेच.

आधी एक गोंधळ दूर करू. आई-बाबा एच-१बी वर असले तरी अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक असतं आणि त्याला फाफ्सा भरता येतो. पालकांचा व्हिसा आड येत नाही. प्रश्न आहे तो लहानपणी पुण्याहून किंवा नाशिकहून आलेल्या, एच-४ वर वाढलेल्या मुलांचा. त्यांना फेडरल मदत मिळतच नाही, अविवाहित असोत की विवाहित. डिपेंडंट-इंडिपेंडंटचा प्रश्न त्यानंतरचा.

आणि इमिग्रेशन कायद्यात 'मूल' म्हणजे २१ वर्षांखालचं आणि अविवाहित. एकोणिसाव्या वर्षी कोर्टात सही केली की त्या दिवसापासून ते मूल एच-४ ला पात्र राहत नाही. नुसता व्हिसा जात नाही, आई-बाबांच्या ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांच्यामागे लागलेला नंबरही जातो. भारतीयांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीमार्फतच्या ग्रीन कार्डांची रांग दशकभराहून लांब आहे. कित्येक घरांनी मुलांची शाळा त्या रांगेत उभं राहून काढली आहे. कधीच लागू न होणाऱ्या ग्रँटसाठी ती जागा सोडायची, असा हा सल्ला.

'पण सिटिझनशी लग्न केलं तर?' तर जोडीदाराने आय-१३० (नात्याचा अर्ज) भरायचा, आपण आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरायचा, आणि ग्रीन कार्ड हातात आल्यावर फेडरल मदतीची पात्रता येते. दोन वर्षांचं कंडिशनल कार्डही चालतं. तोवर काही नाही. लग्न खरं असेल तर हा रस्ता चांगलाच आहे. ते केवळ कार्डासाठी असेल तर तो फेडरल गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि असं लग्न केल्याचं एकदा ठरलं की पुढची कुटुंबामार्फतची किंवा नोकरीमार्फतची पिटिशन मंजूर होत नाही. इथे एक फरक ध्यानात ठेवावा. दोन नागरिकांनी एड डोळ्यासमोर ठेवून कायदेशीर लग्न केलं तर तो गुन्हा नाही. लोक काय म्हणतील हा वेगळा विषय. इमिग्रेशनसाठी खोटं लग्न लावणं मात्र गुन्हाच.

'घटस्फोट घेतला की संपलं' हेही इथेच उघडं पडतं. ग्रीन कार्डसाठी सिटिझन जोडीदार आय-८६४ वर सही करतो, म्हणजे आलेल्या व्यक्तीच्या पालनपोषणाची हमी देतो. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. ती व्यक्ती नागरिक होईपर्यंत, सुमारे दहा वर्षांच्या कामाइतकी ४० क्वार्टर्स भरेपर्यंत, कायमचा मुक्काम हलवून देश सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाच्या मृत्यूपर्यंत ती चालू राहते. मित्रासाठी एक सही करून टाक, असं ज्या मुलाला सांगितलं जातं, त्याला हे कोणी सांगतं का?

ज्यांना व्हिसाची भानगड नाही त्यांच्यासाठीही घटस्फोट इतका सोपा नाही. फाफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी लग्न मोडलं आणि वय २४ च्या आत असलं, तर विद्यार्थी पुन्हा डिपेंडंट आणि आई-बाबा पुन्हा फॉर्मवर.

तारखेबद्दलही बऱ्याच कंड्या पिकतात. वैवाहिक स्थिती लिहायची ती फॉर्मवर सही करण्याच्या दिवसाची. साखरपुडा झाला, हॉल बुक झाला, पत्रिका छापल्या, तरी उत्तर 'सिंगल'च. ऑक्टोबरात सिंगल म्हणून फॉर्म भरला आणि फेब्रुवारीत लग्न केलं, तर त्या वर्षाचा फॉर्म सहसा बदलत नाहीत. बदलायचा की नाही हे कॉलेजचं एड ऑफिस ठरवतं. याची उलटी युक्ती मला जास्त खटकते: लग्न कोल्हापुरात झालंय, अजून नोंदणी केलेली नाही, म्हणून 'सिंगल' लिहून टाकू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. त्यात विवाह विधींनी होतो, नोंदणी हा त्याचा पुरावा. सप्तपदी झालेली माणसं अमेरिकन सरकारच्या फॉर्मवर अविवाहित लिहीत असतील तर ती खोटी माहिती आहे, आणि फाफ्सावर जाणूनबुजून खोटी माहिती देण्याला २०,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंग आहे.

मेसेजला घाबरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: लग्न केलं तर बाबांच्या हेल्थ इन्शुरन्समधून नाव कटेल. नाही कटत. २६ वर्षांपर्यंत विवाहित मूलही त्यावर राहू शकतं. जोडीदाराला घेण्याचं बंधन तेवढं नाही. टॅक्सचं मात्र बघावं. मुलाने जोडीदारासोबत जॉइंट रिटर्न भरलं की आई-वडिलांना त्याला सहसा डिपेंडंट दाखवता येत नाही, आणि त्याच्या नावावरचं २,५०० डॉलरपर्यंतचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटही (कॉलेजच्या खर्चावरची टॅक्स सवलत) जातं. अर्थात एकत्रित उत्पन्न १,८०,००० च्या वर गेलेल्या घरांना ते तसंही मिळत नाही, त्यामुळे दोघंही आयटीत असलेल्या जोडप्यांनी त्याची हळहळ करू नये.

ज्या घरांना मदतीची खरी गरज आहे, त्यांच्यासाठी याच कायद्यात एक सरळ वाट आहे, आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही. फाफ्सावर दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न येतं. दरम्यान बाबांचा ले-ऑफ झाला, आईच्या आजारपणात पैसा गेला, तर एड ऑफिसला अपील करता येतं. आकडे बदलण्याचा अधिकार त्या ऑफिसला आहे. फॉर्म आधी आहे तसा भरायचा, मग कॉलेजचा अपिलाचा फॉर्म मागायचा. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, सेव्हरन्सचा (नोकरी जाताना मिळालेल्या रकमेचा) तपशील, बेकारी भत्त्याचे कागद, हॉस्पिटलची बिलं, आणि चालू वर्षात किती उत्पन्न होईल याचा एका पानाचा अंदाज जोडायचा. प्रत्येक कॉलेजला वेगळं अपील करावं लागतं, आणि निधी संपत जातो, म्हणून नोकरी गेली त्याच आठवड्यात फोन केलेला बरा.