साक्ष कोर्टात, दुभाषी घरचा?

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. तिचं म्हणणं असं: कर्णबधिर साक्षीदाराचे हातवारे घरच्यांनाच कळतात, तेव्हा तेच दुभाषी बरे. सर्टिफिकेटवाला शोधायला गरिबानं मुंबई-दिल्ली का गाठावी? आणि कायद्यात तशी अटच नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण ते अर्धं खरं आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२५ एवढंच सांगतं की बोलू न शकणाऱ्याची साक्ष नोंदवताना कोर्टानं दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि जबाबाचं व्हिडिओ चित्रण करावं. दुभाष्याच्या पदविकेचं नाव तिथे नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, नियमांत मात्र पात्रता सांगितलीय, आणि अशा दुभाष्यांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षानं ठेवायची आहे. म्हणजे अशा खटल्यांत शोधाशोध गरिबानं करायचीच नाही. ‘मुंबई-दिल्ली’चा मुद्दा निदान इथे तरी निकालात निघतो.

आता घरच्यांचं. ‘मन्हा भाऊना हातवारा मालेच समजतस’ हे बहीण खरंच सांगत असेल. भाकरी, शेत, ताप यापुरतं ते पुरतं. पण उलटतपासणीत वकील विचारतो, ‘तुम्ही त्याला पाहिलं नव्हतं ना?’ भाऊ मान हलवतो. ती मान ‘हो, पाहिलं नव्हतं’ म्हणते, ‘हो, पाहिलं’ म्हणते, की नुसतं ‘तुमचा प्रश्न कळला’? शिकलेला दुभाषी तिथे थांबून कोर्टाची परवानगी मागतो आणि पुन्हा विचारतो. बहीण मायेपोटी स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. आणि आरोपी घरातलाच असेल तर? राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली म्हटलं होतं: दुभाषी त्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, आणि त्याला शपथ द्यावी.

त्यातल्या ‘त्याच परिसरातला’ या शब्दांवर पोस्टवाल्यांना एक गुण देतो. सातपुड्याच्या पाड्यावर शाळेचं तोंड न पाहिलेल्या कर्णबधिर माणसाच्या खुणा भारतीय सांकेतिक भाषेच्या नसतातच, घरच्या असतात. दोन वर्षांची पदविका घेतलेलाही तिथे अडखळतो. त्यावर उपाय आहे, पण बहिणीला उभं करणं हा नव्हे. स्वतः कर्णबधिर असलेला आणखी एक दुभाषी सोबत घ्यायचा. तो या खुणा उलगडून सांकेतिक भाषेत सांगतो आणि पदविकावाला ते मराठीत. वेळ दुप्पट जातो. शपथ मात्र दोघांनाही घ्यावी लागते.