युरोपला जाण्यापूर्वी परत येण्याची तयारी

गेल्या महिन्यात माझा आणि पत्नीचा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज फेटाळला गेला. त्यामुळे या विषयावर सल्ला देण्याचा अधिकार मला आता रीतसर प्राप्त झाला आहे. ज्यांना व्हिसा मिळतो ती मंडळी आयफेल टॉवरसमोरचे फोटो पाठवण्यात गुंतलेली असतात, तेव्हा हे काम आमच्यासारख्यांनीच करायचे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अर्ज द्यायला व्हिसा केंद्रात जाण्यासाठी लागणारी भेटीची वेळ मात्र रात्री दोन वाजता संगणकासमोर बसूनही मिळणार नाही. ती ज्या एजंटाकडे नेहमीच असते त्याला सकाळी फोन करावा आणि ती त्याच्याकडेच कशी असते, हे विचारू नये.

फोटोत हसू नका.

वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा घ्यावा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्याला तो इथेच अधिक उपयोगी पडला असता, पण तो इथे चालत नाही.

पूर्वी व्हिसा मिळालेला असल्यास उत्तमच. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी अशी सोय आहे की, तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरलेल्याला पुढे दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. पहिला कसा मिळवायचा, याचे उत्तर आपल्याकडे जुनेच आहे: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

आता मुख्य मुद्दा. जाण्याची तयारी कोणीही करतो. आपण परत येण्याची तयारी दाखवायची असते. त्यासाठी आम्ही तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचा शिक्का मारलेला सहा महिन्यांचा खातेउतारा (शिक्का मारणारे साहेब तिसऱ्या फेरीत जागेवर सापडले), कंपनीचे रजामंजुरीचे पत्र, घराचे खरेदीखत आणि २०३४ पर्यंतच्या हप्त्यांचा तक्ता जोडला. माझ्या ८१ वर्षांच्या आईचा उल्लेखही पत्रात केला, जी सुनेखेरीज कोणाच्या हातून गोळी घेत नाही. खरा पुरावा जोडायला मात्र अर्जात रकानाच नव्हता. माजिवड्याजवळच्या आमच्या सोसायटीत नऊ वर्षे प्रतीक्षा यादीत काढल्यानंतर मला दोन वर्षांपूर्वी छपराखालची पार्किंगची जागा मिळाली आहे. ती सोडून मी युरोपातल्या एखाद्या उपाहारगृहात बशा विसळत लपून राहीन, अशी शंका ज्या अधिकाऱ्याला आली, त्याने ठाण्यात कधी गाडी लावलेली नाही, हे उघड आहे.

उत्तरादाखल एक छापील कागद आला. त्यावरील ठरावीक कारणांपैकी एका चौकोनात खूण होती: मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. कोणत्या कागदामुळे शंका आली, ते लिहिलेले नव्हते. अर्ज घेणाऱ्या केंद्रात विचारले तर उत्तर मिळाले की आम्ही केवळ कागद गोळा करतो, निर्णय वकिलातीचा. आणि वकिलातीला पत्र लिहिले तर त्यांनी केंद्राशी संपर्क साधण्यास कळवले. जून २०२४ मध्ये माणशी शुल्क ८० वरून ९० युरो झाले आणि नकार मिळाला तरी ते परत मिळत नाही. केंद्राचे सेवाशुल्क आणि कुरियरचे पैसे वेगळे. अपील करता येते, पण ते त्या देशाच्या कायद्याप्रमाणे. त्यांच्याकडच्या बहुतेक नागरिकांना आपल्याकडे यायचे असेल तर ते घरबसल्या ई-व्हिसा काढतात. त्यांच्या आईची गोळी कोण देते, हे आपण विचारत नाही.

माझी तक्रार नकाराबद्दल नाही. कोणाला घरात घ्यायचे हे घरमालकाने ठरवावे. पण माणशी ९० युरो घेऊन, दहाही बोटांचे ठसे घेऊन, माझा सहा महिन्यांचा किराणा आणि औषधांचा खर्च ओळीने वाचून झाल्यावर मला नाही म्हणणार असाल, तर त्याचे कारण दोन वाक्यांत लिहून देणे हे तुमचे काम आहे. चौकोनात खूण करणे म्हणजे कारण देणे नव्हे. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला उत्तरही न देता दोन दारांमध्ये फिरवणे हा उद्धटपणा आहे.

आणि ‘एखादा कागद कमी पडला असेल’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना सांगतो: कागद कमी पडला नव्हता. ११८ पाने होती, मी मोजून दिली होती. अर्ज नाकारला गेला की आपण एखादा गुन्हा उघडकीस आल्यासारखे गप्प बसतो आणि सोसायटीत सांगतो की यंदा रजा मिळाली नाही. अशाने पुढचा माणूसही तितकाच गाफीलपणे पैसे भरायला जातो. हे थांबवा. तीन आठवडे मीही रजेचेच सांगत होतो.