दाढी असलेला चेहरा तान्ह्या बाळाचा कसा?

फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी. त्यांच्या काचेच्या चेहऱ्यांचा एक फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. पांढरट-पिवळे चेहरे, गडद निळी दाढी, वटारलेले डोळे. खाली मजकूर असा: हे बळी दिलेल्या बाळांचे चेहरे आहेत, काच फुंकून केलेले, काचेचा शोध याच लोकांनी लावला, आणि ही कला आज कुणालाच येत नाही. भाचीने हे सगळं शाळेच्या प्रकल्पात उतरवून काढलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

बाळांचंच आधी घेते, कारण ते सर्वांत घाणेरडं आहे. अहो, फोटो तरी नीट बघा! दाढीची एकेक बट वेगळी वळवून चिकटवलेली दिसते. हे चेहरे म्हणजे गळ्यात घालायचे लोलक. संशोधक मोनिक सीफ्रीड यांनी 1982 साली भूमध्य समुद्राभोवती सापडलेल्या अशा लोलकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दाढीवाले पुरुष आहेत, बायका आहेत, राक्षसी मुखवटे आहेत, चक्क मेंढ्याची डोकीही आहेत. काळ साधारण इ.स.पू. सातवं ते तिसरं शतक. कार्थेज (फिनिशियनांनी उत्तर आफ्रिकेत वसवलेलं शहर), सार्डिनिया, इबिझा इथल्या थडग्यांत, अगदी काळ्या समुद्रापर्यंत ते सापडतात. कार्थेजला तान्ह्या मुलांच्या जळक्या अस्थींचे कलश मिळाले, हे खरं. तो बळी होता की आधीच दगावलेल्या मुलांचं दफन, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. पण त्या कलशांवरून हे लोलक म्हणजे बळींचे चेहरे असं ठरवायला काडीचाही आधार नाही. वरच्या कडीत दोरा ओवून ते गळ्यात घालायचे. बहुतेक अभ्यासक त्यांना ताईत मानतात. आपल्याकडे बाळाला तीट लावतात, त्याच जातीची गोष्ट.

फुंकून केलेले? शक्यच नाही. काच फुंकायची युक्ती निघाली इ.स.पू. पहिल्या शतकात. हे लोलक मातीचा लेप दिलेल्या धातूच्या सळईवर घडवलेत. तापलेली मऊ काच सळईभोवती गुंडाळायची, वर पांढरा ठिपका, त्यावर काळा ठिपका दाबला की डोळा झाला. काचेच्या बारीक धाग्याची भुवई. थंड झाल्यावर सळई काढून घ्यायची. लोलक उलटा धरला तर तिची पोकळी आत दिसते.

काचेचा शोध? ही रोमन लेखक प्लिनीच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या छत्तिसाव्या खंडातली दंतकथा: व्यापाऱ्यांनी फिनिशियाच्या समुद्रकिनारी नॅट्रॉनच्या (नैसर्गिक सोड्याच्या) ढेपांवर भांडं ठेवून चूल पेटवली आणि वाळूची काच झाली. उघड्या चुलीला तेवढी धग येत नाही. इजिप्त आणि मेसोपोटेमियात काचेची भांडी या लोलकांच्या कितीतरी शतकं आधी होत होती. फुंकण्याची युक्ती मात्र सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यातच निघाली, एवढं श्रेय त्या किनाऱ्याला द्यावं लागेल.

आणि आज कुणाला येत नाही म्हणे! काचमणी करणारे कारागीर दिव्याच्या ज्योतीवर, तशाच सळईवर, हे चेहरे आजही करून विकतात.