'पाळकाला कोयता कशाला?' – एका प्रतिक्रियेला उत्तर

पाळकसाहेब, सलाम.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो बराचसा ओसरला. सेमिनरीतल्या, म्हणजे चर्चचे पाळक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनी शेवटच्या वर्षी एक हंगाम ऊसतोडीच्या टोळीबरोबर, नाहीतर वाळूजच्या एखाद्या कंपनीत हेल्पर म्हणून काढावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हे ढोंग आहे, फ्रान्समध्ये असला प्रयोग फसला, आणि ग्रीक-हिब्रू या बायबलच्या मूळ भाषांना कात्री लावली की पाळक नाही, समाजसेवक तयार होतात.

ढोंगाचं मान्य. कंटाळा आला की ज्याला घरी जाता येतं, तो मजूर नव्हे. त्याच्या डोक्यावर उचल, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, नसते. 'कामगारांसारखं जगणं' हे माझे शब्द मी मागे घेतो.

फ्रान्सचं मात्र पुरतं सांगा. 1940 च्या दशकात तिथले काही कॅथलिक धर्मगुरू कारखान्यांत कामाला लागले आणि 1954 मध्ये रोमनं ते थांबवलं. कामगारांनी त्यांना हाकललं नव्हतं. उलट त्यांच्यातले काही युनियनमध्ये, संपात उतरले, म्हणून वरच्यांना धास्ती बसली. 1965 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. आपल्याकडे तरी हे कुठं नवं आहे? एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हा नुसतं देऊळ नाही बांधलं, लोकांच्या पोटापाण्याचंही पाहिलं.

आता ग्रीक. काही वर्षांपूर्वी धारूरकडची एक टोळी पश्चिम महाराष्ट्रात फडावर होती, तिथं मी तयार संदेश घेऊन गेलो. बायबलातलं मत्तय 20, द्राक्षमळ्यातले मजूर. पहाटे लागलेल्याला एक दिनार, दिवस मावळायच्या तासभर आधी लागलेल्यालाही एकच. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे वर्गात शिकलो होतो. मग देवाची कृपा वगैरे. रात्री दोनला गाडी भरायला उठलेली माणसं, निम्मी पेंगत होती. कोपीपुढं, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढं, एक बाई पाचटावर भाकरी भाजत होती. माझं संपल्यावर मान वर न करता तिनं विचारलं, "पैसे मालकानं वाटले का मुकादमानं?"

मला आठवेना. बायबल उघडून पाहिलं. आठवं वचन : मालक कारभाऱ्याला मजुरी द्यायला सांगतो. ते वचन मी संदेशात गाळलं होतं! टनावर तोडणाऱ्या, उचलीतून वळती होणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडणार. तेवढ्यात तिचा सासरा बोलला, "पाचपातूर नाक्यावर का हुभा ऱ्हायला त्यो? म्हातारा आसंल. म्हाताऱ्याला कोण नेतंय?" सातवं वचन तेच तर म्हणतं, आम्हांला कुणी कामाला लावलं नाही. आम्ही सेमिनरीत आठवडाभर मालकाच्या उदारपणावर बोललो. त्या नाक्यावरच्या माणसाचं वय कुणी काढलं नाही.

तेव्हा ग्रीक ठेवाच, एक तासही कमी करू नका. विसावा अध्याय वर्गात ग्रीकमधून शिकवा आणि मग फडावर धाडा, संदेश न देता. नुसतं ऐकायला.

समाजसेवेबद्दल एकच. टोळीतला एखादा पोरगा विचारतो, बाप्तिस्मा नोंदवहीत नाव घालू का नको? राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये तो मिळाला, आपण बाहेरच. त्या पोराला काय सांगायचं, हे पाळकाला आधी ठाऊक हवं. ही समाजसेवा की पाळकपण, तुम्हीच ठरवा. (मला स्वतःला सरळ उत्तर अजून सापडलेलं नाही.)

आणि आपलं रविवारी सकाळी दहाचं वेळापत्रक. शिफ्टवाल्याची सुट्टी रविवारीच येते असं नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की बाकं रिकामी, आणि अहवालात आपण लिहितो, 'उपस्थिती घटली'. घटली कुठं? उपस्थिती फडावर आहे.

पुढच्या प्रतिक्रियेत एवढंच लिहा, साहेब : तुमच्या मंडळीतली किती कुटुंबं नाताळाला गावात असतात?