‘पॉज करा, स्क्रीनशॉट घ्या, फोटो तयार’ : इतकं सोपं नाही ते

“4केमध्ये शूट करा, हवं तिथे पॉज करून स्क्रीनशॉट घ्या. प्रत्येक फ्रेम म्हणजे 8 मेगापिक्सेलचा फोटोच! कमी पडलं तर एआयने मोठा करा.” हा सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्यातला आकडा तेवढा खरा. 4केची फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, 3840 गुणिले 2160 म्हणजे सुमारे 83 लाख पिक्सेलची; 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापलं तर 12.8 बाय 7.2 इंच. इथवर भांडण नाही.

पण स्क्रीनशॉट व्हिडिओचा नसतो, मॉनिटरचा असतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमधली प्रीव्ह्यूची खिडकी हजार पिक्सेल रुंद असेल तर तेवढंच हाती लागणार. प्लेबॅक रिझोल्यूशन, म्हणजे प्रीव्ह्यूत दिसणारा तपशील, पाव केलेलं असलं की आणखी भुरकट. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मूळ फ्रेम काढायला एक्स्पोर्ट फ्रेमचं, कॅमेऱ्याच्या चित्राचं बटण आहे, तर दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कलर पेजवर ग्रॅब स्टिल. सेव्ह करताना पीएनजी किंवा टिफ घ्या; आधीच कॉम्प्रेस झालेलं चित्र जेपेगमध्ये पुन्हा कशाला चेपायचं? एक मेख मात्र आहे. 4के क्लिप 1080च्या सीक्वेन्समध्ये (एडिटच्या टाइमलाइनमध्ये) टाकली असेल तर प्रीमियरचं स्टिलही 1920 बाय 1080च येतं. यात मी स्वतः फसलोय, तेही काम देऊन झाल्यावर.

आता ‘प्रत्येक फ्रेम’. हा निव्वळ भाबडेपणा. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत शटर बहुधा 1/50 सेकंद उघडं ठेवतात, कारण हालचाल सलग दिसायला थोडा ब्लर लागतोच. टाळ्या वाजवणारे हात पॉज करून बघा: बोटांच्या जागी धुकं. 1/500 वर बोटं मोजता येतील, पण व्हिडिओ झटके खात चालल्यासारखा दिसेल. म्हणून बाणाची की दाबत एकेक फ्रेम सरका आणि हात पूर्ण फाकून परत फिरतात ती जागा शोधा. तिथे वेग क्षणभर शून्यावर येतो, बोटं सुटी दिसतात. पन्नास फ्रेममधून अशा मोजक्याच निघतात.

रंगाचंही तसंच. बहुतेक कॅमेरे 4:2:0 या पद्धतीने रेकॉर्ड करतात: उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची, रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकच. काळ्यावरची लाल अक्षरं झूम करा, कडांना पायऱ्या दिसतील.

आणि एआय? ते हरवलेला तपशील परत आणत नाही, अंदाजाने नवा रचतं. पानाफुलांत खपून जाईल, ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यात मात्र घरचे लगेच म्हणतात, “हा तो नव्हेच!” यूट्यूबचं थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) सहसा 1280 बाय 720 चं असतं, तिथे नीट निवडलेली फ्रेम खुशाल वापरा. पोस्टरसाठी शूटच्या वेळीच दोन मिनिटं काढून वेगळे फोटो घ्या.