झुरळाच्या लग्नाची गोष्ट आणि ती सांगणारी पुरा

इथल्या लायब्ररीत मुलांच्या पुस्तकांवर ते गोल गोल मेडलचे स्टिकर असतात ना, त्यातला एक मी सात-आठ वर्षं बघतेय आणि कधी नीट वाचलाच नव्हता. पुरा बेलप्रे. मला वाटायचं कुणीतरी श्रीमंत बाई असणार, देणगी दिली असेल, तिच्या नावाने बक्षीस. आपल्याकडे शाळेच्या बक्षीस समारंभात नसतं का, कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ, आणि त्या कै. कोण हे बक्षीस घेणाऱ्यालाही माहीत नसतं. तसंच.

मग मध्ये एक किस्सा झाला. इथे न्यू जर्सीत मी रविवारी मराठी शाळेत लहान गटाला शिकवते (शिकवते म्हणजे काय, दोन तास पोरांना खुर्चीवर टिकवते). एका रविवारी पुस्तक बाजूला ठेवून चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली, शेणाचं घर, मेणाचं घर, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते, सगळं, हातवारे करून. पोरं खूश. संध्याकाळी एका पालकांचा मेसेज, की ताई गोष्ट छान होती पण ती पुस्तकात कुठेच नाहीये, परीक्षेच्या दृष्टीने बघा जरा. राग आला खूप, उत्तर मात्र दिलं नाही, अंगठा पाठवला.

त्याच आठवड्यात लायब्ररीत परत तो स्टिकर दिसला आणि रागातच असल्यामुळे असेल, फोनवर शोधलं ही बाई कोण ते. रात्री दीडपर्यंत वाचत बसले, मग पुढचे दोन महिने जे मिळेल ते. आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, तर पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पुरा पोर्तो रिकोची. कॅरिबियनमधलं बेट, क्युबाच्या पूर्वेला. सिद्रा नावाचं गाव. १८९८ मध्ये अमेरिकेने हे बेट स्पेनकडून घेतलं आणि पुरा त्याच सुमाराची, म्हणजे घरात स्पॅनिश आणि वर राज्य इंग्रजीचं अशा काळात ती वाढली. वडील बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, कामाप्रमाणे घर हलायचं, आज या गावात उद्या त्या. आणि घरात गोष्टी सांगणारी आजी. या आजीकडून ऐकलेल्या गोष्टींवर पुढे तिचं सगळं आयुष्य उभं राहिलं, पण तेव्हा कुणाला काय माहीत. ती मास्तरीण व्हायला निघाली होती, १९१९ मध्ये युनिव्हर्सिटीत नाव पण घातलं होतं.

१९२० मध्ये बहिणीचं लग्न म्हणून न्यूयॉर्कला आली. लग्नाला आली आणि राहिली! (आपल्यातले निम्मे लोक 'दोन वर्षांसाठी' आले होते, त्यांना हे वेगळं समजावायला नको.) सुरुवातीला इतर पोर्तो रिकन बायकांसारखं कपड्यांच्या कारखान्यात काम केलं. मग १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीत १३५व्या रस्त्यावरच्या पब्लिक लायब्ररीत नोकरी लागली. तिथली प्रमुख होती अर्नेस्टिन रोझ, गोरी बाई, पण डोळे उघडे ठेवून काम करणारी. वस्तीत कृष्णवर्णीय माणसं आहेत तर कर्मचारी पण तसे हवेत, आणि आता स्पॅनिश बोलणारी कुटुंबं यायला लागलीत तर त्यांची भाषा येणारं कुणीतरी काउंटरवर हवं, हे तिला कळलं. हे १९२१ चं सांगतेय मी. न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीतली पहिली पोर्तो रिकन लायब्ररियन म्हणून पुराचं नाव घेतात ते इथून.

जाता जाता, याच शाखेत पुढे आर्तुरो शॉम्बर्ग यांचा संग्रह आला, तेही जन्माने पोर्तो रिकोचेच. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची आयुष्यभर जमवलेली पुस्तकं आणि कागद, १९२६ मध्ये ते दहा हजार डॉलरला लायब्ररीसाठी घेतले गेले आणि आज ती जागा शॉम्बर्ग सेंटर म्हणूनच ओळखतात. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, पण तो काळ आणि ती जागा डोळ्यासमोर आणा. ही विशीतली मुलगी तिथे मुलांच्या सेक्शनमध्ये पुस्तकं लावतेय.

आणि लावता लावता तिच्या लक्षात आलं की लोककथांच्या शेल्फवर जगभरच्या लोककथा आहेत आणि तिच्या बेटाची एकही नाही. एकही नाही म्हणजे अक्षरशः एकही नाही.

मी इथे थांबले वाचताना. कारण आपण अशा वेळी काय करतो, आपण दुखावतो, मग आपल्याच माणसांच्या ग्रुपवर लिहितो की बघा आपल्याला कुणी विचारत नाही, त्यावर साठ लोक दुःखी चेहरे टाकतात आणि विषय संपतो. मी पण टाकलेत.

पुराने काय केलं तर ती लायब्ररीच्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकायला गेली, तिथे गोष्ट सांगण्याचा वर्ग होता. हो, गोष्ट सांगायची कशी हे शिकवायचे, आवाज, थांबणं, नजर, सगळं. त्या वर्गासाठी तिने आजीकडून ऐकलेली एक गोष्ट लिहून काढली. पण न्यूयॉर्कच्या लायब्ररीत तेव्हा नियम असा होता की स्टोरी अवरमध्ये छापील पुस्तकातलीच गोष्ट सांगायची. छापलेली नसेल तर ती गोष्ट नाही! पुराला आपली न छापलेली गोष्ट सांगायची खास परवानगी मिळाली. परवानगी. स्वतःच्या आजीची गोष्ट सांगायला. (आता कळलं ना त्या मेसेजवर मी का चिडले होते. शंभर वर्षं झाली, नियम तोच आहे, फक्त माझा व्हॉट्सॲपवर आला.)

ती गोष्ट मार्टिना आणि पेरेझची. मार्टिना ही खानदानी स्पॅनिश झुरळबाई. वर्गात हे वाक्य म्हटलं की पोरं ईईईई करून ओरडतात, मी मुद्दाम थांबते. तर ही मार्टिना झाडलोट करताना तिला एक नाणं सापडतं, त्याचं काय घ्यावं काय घ्यावं असा पुष्कळ विचार करून ती पावडर आणते, तोंडाला लावते, नटूनथटून बसते आणि मग एकेक प्राणी लग्नाची मागणी घालायला येतो. प्रत्येकाला ती विचारते की माझ्याशी कसं बोलशील, प्रत्येक जण आपापल्या आवाजात ओरडून दाखवतो आणि प्रत्येकाला नकार. शेवटी पेरेझ नावाचा उंदीर येतो, अदबशीर, गोड आवाजाचा. त्याच्याशी लग्न होतं. सण येतो, मार्टिना मोठ्या भांड्यात तांदळाची खीर करते, बदाम बेदाणे घालून, आणि कशाला तरी बाहेर जाते. पेरेझला राहवत नाही, बदाम काढायला वाकतो आणि खिरीत पडून मरतो.

संपली गोष्ट. मार्टिना त्याच्या आठवणीत गाणी म्हणत राहते, बस. उंदीर वाचत नाही.

हे पुस्तक म्हणून १९३२ मध्ये छापून आलं, फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनाने काढलं, बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेच्या सशांच्या गोष्टी ज्यांनी छापल्या तेच. आणि पुराने शेवट गोड केला नाही. मुलांसाठी आहे, इंग्रजीत आहे, अमेरिकेत आहे, तरी उंदीर मेलाच. मला ही गोष्ट तिच्या बाकी सगळ्या मानसन्मानापेक्षा मोठी वाटते. आमच्या आजीच्या गोष्टीत कावळा शेवटी तापलेल्या तव्यावर बसायचा आणि त्याचं बूड भाजायचं, आणि आम्ही खदाखदा हसायचो. आता मीच ते गाळून सांगते, कावळा 'सॉरी म्हणतो' असं करून टाकलंय, कारण इथे कोण काय म्हणेल. पुराचं वाचल्यावर जरा लाज वाटली.

बरं, एक खुपलं ते पण सांगते. ती मार्टिनाची खानदानी स्पॅनिश ऐट. पुरा स्वतः आफ्रिकन वंशाची, आणि गोष्टीतली नायिका ही अशी. काही जण म्हणतील ही गोऱ्या मालकांच्या थाटाची हौस. मला पटतं थोडं. पण लोककथेत कायम थोडा माज असतोच, आपल्याकडच्या राजकन्या काय कमी आहेत, आणि सांगणाऱ्या बाईच्या आवाजात ती ऐट आहे की ऐटीची टिंगल आहे हे छापील पानावर कळत नाही, ते ऐकायलाच हवं होतं.

ऐकायला हवं होतं यावरून आठवलं. तिचं खरं काम पुस्तकात नव्हतंच, लायब्ररीत गोष्टी सांगायच्या तिच्या खोलीत होतं. १९२९ मध्ये तिची बदली ११५व्या रस्त्यावरच्या शाखेत झाली, कारण पोर्तो रिकन वस्ती तिकडे वाढत होती. तिथे तिने स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हीत गोष्टींचे तास सुरू केले, नुसते मुलांसाठी नाही, आयांसाठी पण. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण (बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा) लायब्ररीत साजरा करायला लावला. विचार करा, ज्या आईला इंग्रजी येत नाही, जिला ती इमारत सरकारी कचेरीसारखी वाटते, ती आपल्या सणाला तिथे येते आणि तिच्या पोरांना तिच्याच भाषेत गोष्ट ऐकू येते. गोष्टीच्या वेळी एक मेणबत्ती लावलेली असायची, शेवटी मुलांनी मनात इच्छा धरून ती विझवायची. पुढे वस्ती ईस्ट हार्लेमला सरकली तशी हीपण ११०व्या रस्त्यावरच्या शाखेत गेली, तिथे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ सुरू केले. बाहुल्या स्वतः करायची. माणसं जिकडे तिकडे ही.

१९४३ मध्ये लग्न झालं, क्लॅरेन्स कॅमरन व्हाइट, व्हायोलिन वाजवणारे आणि संगीतकार, कृष्णवर्णीय कलाकारांत मोठं नाव. तिने नोकरी सोडली, त्यांच्याबरोबर दौरे केले, लिहीत राहिली. १९४६ मध्ये पोर्तो रिकोच्या लोककथांचा संग्रह आला, 'वाघ आणि ससा' अशा अर्थाचं नाव, इंग्रजीत अमेरिकेत निघालेला असा हा पहिलाच. १९६० मध्ये नवरा गेला. पुढच्याच वर्षी ही परत लायब्ररीत, आता स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठीची खास लायब्ररियन म्हणून. मधल्या काळात बेटावरून हजारोंनी माणसं न्यूयॉर्कला आली होती, तेव्हा गरज वीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त.

हुआन बोबोची गोष्ट तिने याच काळात पुस्तक म्हणून छापली. हुआन बोबो म्हणजे त्यांचा गावातला भोळसट पोरगा, सांगितलेलं काम शब्दशः करणारा आणि गोंधळ घालणारा. प्रत्येक भाषेत एक असतो असा, प्रत्येक घरात पण असतो (आमच्या घरातला ही पोस्ट वाचणार आहे, असो).

१९६८ मध्ये निवृत्त झाली. झाली म्हणजे कागदावर. लगेच साउथ ब्राँक्स या न्यूयॉर्कच्याच भागातल्या लायब्ररी प्रकल्पात कामाला लागली, लायब्ररीत न येणाऱ्या वस्त्यांपर्यंत पुस्तकं न्यायची, बाहुल्या घेऊन जायचं, खेळ करायचे. सत्तरीच्या घरातली बाई साउथ ब्राँक्समध्ये बाहुल्यांचं सामान घेऊन फिरतेय. आणि मी रविवारी अकराच्या वर्गाला कंटाळते.

१ जुलै १९८२ ला ती गेली, त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराच्या महापौरांचा कला सन्मान तिला मिळाला होता. १९९६ पासून तिच्या नावाचं मेडल देतात, लॅटिनो (म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या) जीवनाचं चित्रण करणाऱ्या लॅटिनो लेखक आणि चित्रकारांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांना. म्हणजे माझा तो स्टिकर. देणगीदार बाई नव्हती तर.

आता माझं म्हणणं. 'पहिली पोर्तो रिकन लायब्ररियन' हे लेबल लावून लावून तिच्यातली लेखिका झाकून टाकलीये असं मला वाटतं. जिथे बघावं तिथे पहिली, पहिली, पहिली. वाक्य कसं लिहायची, स्पॅनिश शब्द इंग्रजी वाक्यात तसेच कसे ठेवायची, शेवट का बदलला नाही, यावर बोलणारे थोडे. तिच्या नावाचा स्टिकर लावलेली ढीगभर पुस्तकं आमच्या लायब्ररीत आहेत, त्या पुस्तकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मस्त आहेत, पण तिचं स्वतःचं एकही पुस्तक शेल्फवर नव्हतं. एक पण नाही! जिने रिकामं शेल्फ बघून लिहायला घेतलं तिचंच शेल्फ रिकामं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर तिने नाव टाइप करून मला मेडलवाल्या पुस्तकांची यादी काढून दिली.

आणि दुसरं, लायब्ररियन असणं आणि लेखिका असणं ही तिची दोन कामं नव्हतीच असं मला वाचून वाटलं. गोष्ट सांगायला पुस्तक लागतं असा नियम होता म्हणून तिने पुस्तक केलं, आणि पुस्तक झाल्यावरही ती गोष्ट तोंडानेच सांगत राहिली. तिला जॉनी ॲपलसीडसारखं व्हायचं होतं म्हणे, तो सफरचंदाच्या बिया पेरत फिरायचा तसं आपण गोष्टींच्या बिया पेरायच्या. पेरणाऱ्याला झाडावर आपलं नाव हवं असतं का, कुणास ठाऊक. मला तिच्यासाठी हवंय.

शेवटी दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून मागवलं, तीन आठवडे लागले, मार्टिना आणि पेरेझचं जुनं पुस्तक आलं, पानं मऊ पडलेली. मागच्या रविवारी वर्गात मराठीतून सांगितली, खिरीपर्यंत सगळे हसत होते. उंदीर पडला तेव्हा एकदम शांत. मग मागच्या बाकावरची एक सहा वर्षांची विचारते, "मावशी, मग ती खीर कुणी खाल्ली?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन पुस्तक परत उघडून बघितलं, त्यात पण नाहीये.

पुस्तक १४ तारखेला परत करायचंय. न्यू जर्सीतल्या कुणाला तोवर हवं असेल तर इनबॉक्स करा, पण कव्हर जपून.