इंजिन नंबर जुळला म्हणून फियाट अस्सल ठरत नाही

जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी घेताना काय बघावं, याचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर फिरतोय. त्याचं सांगणं थोडक्यात असं: इंजिन नंबर आरसीशी जुळला आणि पत्र्याला चुंबक चिकटलं की गाडी अस्सल, काही कमी असेल तर सगळे पार्ट बाजारात मिळतात, आणि गाडी 50 वर्षांची झाली की आपोआप व्हिंटेज होते, मग कागदांची कटकट नाही. या भरवशावर लोक टोकन देऊन मोकळे होतायत, म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

"इंजिन नंबर जुळला म्हणजे झालं." 1964च्या फियाट अकराशे डिलाइट मॉडेलपासून पद्मिनीपर्यंत पेट्रोल गाडीचं मुख्य इंजिन एकाच घराण्यातलं: 1089 सीसी, चार सिलिंडर, 68 मिमी बोअर, 75 मिमी स्ट्रोक. एका गाडीचं इंजिन दुसरीत सहज बसतं, आणि चाळीस-पन्नास वर्षांत अनेक गाड्यांत ते बसवलंही गेलंय. आरसीशी जुळावं म्हणून नंबर घासून नवा ठोकणारेही आहेत. नंबराची जागा तारेच्या ब्रशने साफ करा आणि टॉर्च तिरका धरून बघा. आकड्यांची खोली कमी-जास्त असेल, ओळ वाकडी असेल किंवा आजूबाजूला ग्राइंडरच्या समांतर रेघा दिसल्या, तर तिथेच थांबा. उलट, इंजिन बदललंय आणि त्याची रीतसर नोंद आरसीवर आहे, अशी गाडी बिनधास्त घ्यावी.

खरी ओळख बॉडीत आहे. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि चॅसिस नंबर त्याच पत्र्यावर ठोकलेला. त्यामुळे नंबराभोवतीचा पत्रा इंजिनाच्या नंबराहून जास्त बारकाईने तपासा: चौकोनी वेल्डिंगची रेघ, तेवढ्याच भागावर वेगळा रंग, कंपनीच्या प्लेटला नवे रिव्हेट. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा.

"चुंबक चिकटलं म्हणजे पत्रा चांगला." चुंबकाने फक्त जाड पुटी आणि फायबर ओळखता येतं, कारण तिथे ते चिकटत नाही. सडलेल्या सिलवर (दरवाज्याखालच्या आडव्या पत्र्यावर) नवा पत्रा मारून रंग दिला असेल, तर चुंबक तिथेही घट्ट चिकटणार, आणि आतला कुजका पत्रा तसाच राहणार. फियाट वरच्या पत्र्यापेक्षा खालून गंजाने जास्त खाल्ली जाते, मुंबई-कोकणातली तर हमखास. म्हणून गाडी रॅम्पवर घ्या. मॅट आणि खालचा नमदा उचलून पायाखालचा पत्रा बघा, डिकीत स्टेपनीची जागा बघा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल जिथे बॉडीला बसतात ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. टोक आत गेलं तर ते काम रंगाऱ्याचं नाही, सांगाड्याचं आहे. मग चारही दरवाजे एकेक करून अर्धे उघडा आणि टोकाला धरून वर उचला. बिजागरी ढिली असेल तर दरवाजा हलतो. बिजागरी घट्ट असूनही बंद दरवाज्याची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर सिल खचली आहे.

टॅक्सीची गाडी खासगी रंगात विकली जाते, हे त्या मजकुरात कुठेच नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली, पण त्याआधी हजारो निघाल्या. डॅशबोर्डच्या खाली, दरवाज्याच्या रबराआड, डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला काळा रंग सापडतो. छताच्या कडेला पिवळा. डिकीच्या तळाला सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची चार भोकं बुजवलेली दिसतात. सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेल्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा झिजून आत बसतात, टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं. तपासणी सोपी आहे: इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर मारा. चार सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर बहुतेक व्हॉल्व्ह.

"पार्ट काय, कुठेही मिळतात." अर्धं खरं. ब्रेक सिलिंडरची किट, क्लच प्लेट, वॉटर पंप, गॅस्केट अजूनही कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधता येतात. जे मिळत नाही तेच गाडीला मूळ रूप देतं: त्या सालाची जाळी, दरवाज्याची क्रोम पट्टी, हँडल, त्रिकोणी काचेची चौकट, व्हीलकप, मीटर, स्टिअरिंग. म्हणून भाव करताना यांचीच यादी हातात ठेवा. इंजिन दमलेलं पण ही ट्रिम पूर्ण असलेली गाडी, चकचकीत इंजिनाच्या पण ट्रिम गेलेल्या गाडीपेक्षा सरस. इंजिनाचं काम पैसे टाकले की होतं; चौकट शोधायला वर्षं जातात. गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली आणलेला असेल तर मधला बोगदा (पायाखालच्या पत्र्याचा उंचवटा) कापलेला असतो. ते काम पूर्ववत करणं महाग आहे, तेवढी किंमत कमी करून मागा.

आणखी एक, इंधनाबद्दल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुने रबरी होज आणि इंजिनावरच्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, फाटतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या; पेट्रोलचा वास आणि खुणेच्या वर गेलेली पातळी दिसली तर इंजिन चालवू नका. आधी पडदा आणि ऑइल बदला.

"50 वर्षं झाली की व्हिंटेज." आपोआप काहीच होत नाही. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, इंजिन, बॉडी वा चॅसिसमध्ये मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते, आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. त्यानंतर ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. 1985ची पद्मिनी तर यात बसतच नाही. तिला नेहमीसारखं दर पाच वर्षांनी फिटनेस करून आरसीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स लागतो.

टोकन देण्याआधी आरसीचा नंबर 'वाहन' पोर्टलवर टाकून बघा. जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या अनेक गाड्यांची नोंद तिथे चढलेलीच नसते, आणि आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) झाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. ती एंट्री विकणाऱ्याने स्वतः करून द्यायची, असं व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30वरची विकणाऱ्याची सही आरसीवरच्याच मालकाची हवी. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी झालेली हवी.